आकाशातून येणारी चूक आणि तिच्या परीक्षेचा खर्च

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यातील २८ तारखेला एअरबस या युरोपीय कंपनीने आपल्या ए-३२० कुळातील विमानांविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. सूर्याकडून येणाऱ्या तीव्र प्रारणामुळे उड्डाणाच्या नियंत्रणास अत्यावश्यक असलेली माहिती विमानातील संगणकात बिघडू शकते, आणि म्हणून जगभरातील सुमारे ६,००० विमानांत तातडीने दुरुस्ती करावी लागेल, असा त्याचा आशय होता. निमित्त घडले होते त्याआधी महिनाभर. ३० ऑक्टोबर रोजी मेक्सिकोतील कानकुनहून अमेरिकेतील न्यूअर्ककडे निघालेल्या जेटब्लू कंपनीच्या विमानाने वैमानिकाने काहीही केले नसताना एकाएकी नाक खाली घातले, विमान काही क्षण खाली आले, आणि ते फ्लॉरिडातील टँपा येथे उतरवावे लागले. पंधराएक जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

आपल्याकडे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने अशी ३३८ विमाने शोधून काढली. इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस या तिन्ही कंपन्यांचे अभियंते शनिवार-रविवारची रात्र जागले. काही उड्डाणे लांबली, काही रद्द झाली. बहुतेक विमानांत उपाय एवढाच होता की, नवे सॉफ्टवेअर काढून जुने पुन्हा बसवावयाचे. सोमवारपर्यंत गोंधळ निवळला आणि वृत्तपत्रांचे मथळेही बदलले. जे घडले ते सूर्याच्या लहरीने घडले, म्हणजे एक प्रकारे दैवाने घडले, अशी समजूत करून घेऊन प्रवासी आपापल्या कामाला लागले.

ही समजूत बरोबर नाही. त्या ३० ऑक्टोबरला सूर्यावर काही विशेष उद्रेक झाल्याची नोंद नव्हती, हे अभ्यासकांनी लगेच निदर्शनास आणले. कण सूर्याकडून आला की दूरच्या एखाद्या ताऱ्याच्या स्फोटातून, हा वाद अजून चालू आहे. परंतु तो वाद शास्त्रज्ञांवर सोपविला, तरी एक प्रश्न उरतोच आणि तो अर्थशास्त्राचा आहे. अशा कणांनी संगणकाची स्मृती बिघडते, हे जगाला १९७८-७९ पासून ठाऊक आहे. ती किती बिघडेल, हे जमिनीवर आणि विमानात मोजण्याच्या पद्धतीही सिद्ध आहेत. मग मोजण्याचे हे काम कोणी करावे, त्याचा खर्च कोणी सोसावा, आणि मोजलेले आकडे कोणास दाखवावेत? ज्या गोष्टींची किंमत बाजारात ठरत नाही, त्यांच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. या प्रश्नाचे तसेच झाले आहे.

अदृश्य प्रहार

प्रथम प्रकार काय आहे, ते थोडक्यात पाहू. अंतराळातून पृथ्वीवर अहोरात्र अतिवेगवान कणांचा वर्षाव होत असतो. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर जाऊन ही गोष्ट सिद्ध केली. हे कण वातावरणातील अणूंवर आदळतात आणि त्यांतून दुय्यम कणांची सर सुटते. या सरीतील न्यूट्रॉन हे आपल्या दृष्टीने मुख्य आरोपी होत. न्यूट्रॉनला विद्युत्‌भार नसल्यामुळे तो भिंतीतून, छतातून, विमानाच्या पत्र्यातून सहज पार जातो. बहुतेक वेळा काहीच होत नाही. परंतु क्वचित तो चिपमधील सिलिकॉनच्या एखाद्या अणुकेंद्रावर नेमका आदळतो, त्या केंद्राचे तुकडे उडतात, आणि ते तुकडे जाता जाता एवढा विद्युत्‌भार मोकळा करतात की, शेजारच्या स्मृतिघरात साठविलेल्या शून्याचा एक होतो किंवा एकाचे शून्य. चिपला इजा होत नाही. ती पुन्हा लिहिली की पूर्ववत चालते. म्हणूनच या बिघाडाला ‘मृदू चूक’ म्हणतात. पुराव्याच्या दृष्टीने मात्र ती फार कठोर आहे, कारण ती मागे काहीही ठेवीत नाही. जळलेली तार सापडते, तुटलेला खिळा सापडतो. उलटलेला बिट यंत्र बंद करून चालू केल्याबरोबर नाहीसा होतो.

गमतीची गोष्ट अशी की, या शास्त्राचा आरंभ आकाशाकडे पाहून झालाच नाही. १९७८ मध्ये इंटेल कंपनीच्या नव्या स्मृतिचिपांत कारण न कळणाऱ्या चुका होऊ लागल्या. टिमोथी मे आणि मरे वूड्स या तिच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा दोष निघाला चिपच्या चिनी मातीच्या वेष्टनात. त्या मातीत युरेनियम आणि थोरियम यांचे अत्यल्प अंश होते आणि त्यांतून निघणारे अल्फा कण चिपमधील अंक उलटवीत होते. वेष्टनाचा कच्चा माल शुद्ध करून घेणे एवढाच त्यावर उपाय होता आणि उद्योगाने तो केला. हे झाले, कारण चुकीचे मूळ एका पुरवठादाराच्या मालात होते, त्याला जाब विचारता येत होता आणि माल बदलून मागता येत होता. आकाशाला पुरवठादार नाही.

लगेच १९७९ मध्ये आयबीएमचे जेम्स झीगलर आणि येल विद्यापीठाचे विल्यम लॅनफर्ड यांनी गणिताने दाखवून दिले की, अल्फा कणांचा बंदोबस्त केला तरी वैश्विक किरण उरतातच, आणि समुद्रसपाटीवरच्या संगणकातही ते चुका घडवितील. तर्क मांडणे सोपे. तो पडताळणे कठीण. आयबीएमने पुढील सुमारे पंधरा वर्षे जे केले, ते औद्योगिक संशोधनाच्या इतिहासात नमूद करण्यासारखे आहे. स्मृतिचिपांनी भरलेली एकसारखी यंत्रे तिने वेगवेगळ्या उंचीवर नेऊन ठेवली: काही समुद्रसपाटीजवळ, काही कोलोरॅडोतील लेडव्हिल या दहा हजार फुटांवरच्या जुन्या खाणगावात, तर काही जमिनीखाली खडकाच्या आड. महिनोन्‌महिने यंत्रे चालवून चुका मोजल्या. डोंगरावर चुका अनेक पटींनी वाढल्या आणि खडकाखाली जवळजवळ थांबल्या. चूक आकाशातून येते, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा तो कोणता? आपल्याकडच्या वाचकांना ही युक्ती अपरिचित वाटू नये. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरले होते, ते याच कारणासाठी. वैश्विक किरणांचा गलबला खडकाने गाळून घेतल्यामुळेच १९६५ मध्ये त्यांना वातावरणातील न्यूट्रिनोंची चाहूल लागली.

प्रश्न केवळ संगणकाच्या स्मृतीपुरता नाही, हे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी युरोपातील विद्युत इंजिने बनविणाऱ्यांच्या ध्यानात आले. उच्च दाबाचे अर्धवाहक घटक सर्व चाचण्यांतून उत्तीर्ण होऊनही काही दिवसांनी अचानक जळत होते. ते मिठाच्या खाणीत नेऊन त्याच दाबाखाली ठेवले तेव्हा जळणे थांबले. आज आपल्या रेल्वेची तीन-फेज विद्युत इंजिने अशाच अर्धवाहक घटकांवर धावतात. तेव्हा हा विमानाने प्रवास करणाऱ्या मूठभरांचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये.

विमानातील मोजणी

उंची वाढली की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. न्यूयॉर्कच्या समुद्रसपाटीवर, चिपला घातक ठरू शकणारे वेगवान न्यूट्रॉन एका चौरस सेंटिमीटरमधून तासाला सुमारे १३ जातात, असे प्रमाण आंतरराष्ट्रीय मानकांत धरले आहे. चाळीस हजार फुटांवर, मध्यम अक्षांशांत, हीच संख्या सुमारे ६,००० धरली जाते. म्हणजे जमिनीवर जी चीज वर्षातून एकदा चुकेल, ती सतत उडत राहिल्यास रोज एकदा तरी चुकू लागेल.

हे केवळ कागदावर राहिले नाही. १९८८ पासून काही वर्षे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी कंकॉर्ड विमानात एक प्रारणमापक ठेवला होता. कंकॉर्ड पन्नास ते साठ हजार फुटांवरून उडत असे, त्यामुळे तेथील परिस्थिती अधिकच तीव्र. १९८९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यावर मोठे उद्रेक झाले, तेव्हा या उपकरणाने वाढ प्रत्यक्ष टिपली. त्यानंतर आयबीएमचे ॲलन टेबर आणि बोइंगचे यूजीन नॉर्मंड यांनी प्रत्यक्ष विमानांतल्या स्मृतिचिपांचे निकाल मांडले. अमेरिकी हवाई दलाच्या टेहळणी विमानात सुमारे २९ हजार फुटांवर आणि नासाच्या संशोधन विमानात ६५ हजार फुटांवर झालेल्या चुका न्यूट्रॉनांच्या प्रमाणाशी जुळल्या: उंचीनुसार बदलल्या, अक्षांशानुसारही बदलल्या. विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उड्डाणात चुकतात आणि का चुकतात, हा प्रश्न त्यामुळे १९९३ च्या सुमारासच निकालात निघाला होता.

अक्षांशाचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या सोयीचा आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विद्युत्‌भारित कणांना परतवून लावते आणि हे कवच चुंबकीय विषुववृत्ताजवळ सर्वांत मजबूत असते. दक्षिण भारत जवळजवळ त्याच्याच खाली येतो. परिणामी मुंबई-चेन्नई मार्गावरच्या विमानाला त्याच उंचीवर उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच मारा सोसावा लागतो. ही गोष्ट आपल्या शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. होमी भाभा यांनी बंगळूरला अमेरिकी विमानांतून उपकरणे तीस हजार फुटांपर्यंत नेऊन वैश्विक किरण मोजले, ते चुंबकीय विषुववृत्ताजवळचे आकडे हवे होते म्हणूनच. परंतु विमान काही देशाच्या सीमेत बांधलेले नसते. २०१९ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला उत्तर ध्रुवावरून विमान नेले. तेथे हे चुंबकीय कवच जवळजवळ नसतेच. शिवाय ज्या विमानाची परीक्षा झालेली नाही, ते आपल्या आकाशात चौपट सुरक्षित आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही. अज्ञात संख्येला चाराने भागले तरी ती अज्ञातच राहते.

झोतासमोरची परीक्षा

चूक मोजावयाची म्हणजे वाट पाहावयाची. येथेच खर्चाचा प्रश्न उभा राहतो, म्हणून थोडा हिशेब करू. या व्यवसायात चुकीचे प्रमाण शंभर कोटी तासांमागे किती, असे सांगतात. समजा, एखाद्या चिपचे हे प्रमाण एक हजार आहे. याचा अर्थ, एक चिप दहा लक्ष तासांतून, म्हणजे सुमारे ११४ वर्षांतून, एकदा चुकेल. ग्राहकाला हे ऐकून शांत झोप लागेल. पण अशा दहा हजार चिपा वापरात असल्या तर जमिनीवर दर शंभर तासांनी कोठे ना कोठे एक चूक होईल, आणि त्या सगळ्या विमानांतून उंचावर सतत उडत असल्या तर दर पाव तासाला. यांतल्या बहुतेक चुका निरुपद्रवी असतात किंवा यंत्रणा स्वतःच त्या दुरुस्त करते. तरीही व्यक्तीच्या दृष्टीने नगण्य असलेला धोका समाजाच्या दृष्टीने नित्याचा कसा होतो, हे या उदाहरणावरून समजावे. विमा व्यवसाय याच तत्त्वावर उभा आहे.

आता हे एक हजाराचे प्रमाण पडताळावयाचे कसे? आकड्यावर दहा टक्क्यांच्या आत विश्वास ठेवावयाचा, तर निदान शंभर चुका मोजल्या पाहिजेत. एक हजार चिपा टेबलावर मांडून बसले, तर शंभर चुका होण्यास एक लक्ष तास, म्हणजे साडेअकरा वर्षे लागतील. तोवर ती चिप जुन्या बाजारातही मिळणार नाही. लेडव्हिलसारख्या उंचीवर नेली तर दहा-बारा पटींनी वेळ वाचतो. म्हणून डोंगरावरची परीक्षा आजही सर्वांत विश्वासार्ह मानली जाते, पण तिलाही वर्ष लागते. यावर तोडगा म्हणजे कृत्रिम वर्षाव. अमेरिकेत लॉस अलामॉस येथे आणि इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत ८० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन जड धातूवर आदळवून न्यूट्रॉनांचा झोत निर्माण करतात. त्या झोतातील ऊर्जेची वाटणी वातावरणातील न्यूट्रॉनांसारखीच असते. जोर मात्र कोट्यवधी पटींनी अधिक. रदरफर्ड येथील ‘चिपआयआर’ हा झोत तर चिपांच्या परीक्षेसाठीच बांधला आहे. तेथे चाळीस हजार फुटांवरच्या सोळा लक्ष उड्डाणतासांइतका मारा चिपला अर्ध्या-पाऊण तासात देता येतो. कॅनडातील व्हँकूव्हर येथेही अशी सोय आहे. परीक्षा कशी घ्यावी, झोत कसा मोजावा, निकाल कसा मांडावा यांची मानके २००१ पासून उपलब्ध आहेत, आणि विमानांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे वेगळे मानक आहे.

म्हणजे परीक्षा अशक्य नाही. ती महाग आहे आणि रांगेत उभे राहून मिळणारी आहे. झोताचा वेळ तासांवर मोजून द्यावा लागतो, आणि तो हवा असणारे उपग्रह, विमाने, मोटारी, दूरसंचार, संरक्षण असे सर्वच क्षेत्रांतले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१८ मध्ये अंतराळातील यंत्रणांच्या अशाच परीक्षांचा आढावा घेतला, तेव्हा त्या देशातही सोयी अपुऱ्या आणि जुनाट असल्याचा निष्कर्ष निघाला. एखादी वस्तू दुर्मिळ असली आणि तिची किंमत लगेच देण्याची सक्ती नसली, की उद्योग काय करतो, हे सांगावयास नको. मागच्या पिढीच्या चिपवरचे निकाल नव्या पिढीला लावून मोकळे होतो.

आणि चिपची परीक्षा म्हणजे यंत्रणेची परीक्षा नव्हे, ही आणखी एक अडचण. ७ ऑक्टोबर २००८ रोजी सिंगापूरहून पर्थला जाणारे क्वांटास कंपनीचे ए-३३० विमान ३७ हजार फुटांवर असताना दोनदा एकाएकी खाली झुकले. विमानात ३१५ माणसे होती. ११९ जण जखमी झाले, त्यांतील १२ गंभीर. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तीन वर्षे तपास करून २०११ च्या डिसेंबरात जो अहवाल दिला, तो या विषयावरचा आदर्श दस्तऐवज म्हणावा लागेल. हवेच्या स्थितीची माहिती देणाऱ्या तीन उपकरणांपैकी एकाने खोटे आकडे पाठविले. तिघांपैकी एक खोटे बोलला तर दोघांचे ऐकावयाचे, ही रचना होती. पण खोट्या आकड्यांचे ठोके एका विशिष्ट अंतराने आले आणि नियंत्रण-संगणकाच्या नियमात नेमकी तेवढी फट राहिली होती. उपकरण मुळात का बिघडले? प्रारणाच्या कणाचा संशय मंडळाने तपासला, परंतु तो सिद्ध किंवा असिद्ध करण्यास पुरावा पुरेसा नाही, असे स्पष्ट लिहिले. त्या जातीच्या उपकरणांनी मिळून १२ कोटी ८० लक्ष तासांहून अधिक काम केले होते आणि तशा प्रकारचा बिघाड तेवढ्या अवधीत तीनदाच झाल्याचे आढळले. एवढ्या विरळ घटनेची परीक्षा कोणत्या झोतासमोर घ्यावयाची? उत्तर असे की, चिप झोतासमोर ठेवून थांबावयाचे नाही; चूक झालीच असे गृहीत धरून, ती मुद्दाम यंत्रणेत घालून, यंत्रणा काय करते ते पाहावयाचे. ए-३२० च्या प्रकरणात नवे सॉफ्टवेअर काढून जुने बसविताच धोका टळतो, याचा अर्थ काय? कण तेच, चिप तीच. बदलली होती ती कणाला तोंड देण्याची तयारी. ती तयारी नव्या आवृत्तीच्या परीक्षेत तपासली गेली होती काय, हे प्रवाशांना अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

मौनाचा बाजार

अर्थशास्त्रात जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा एक निबंध प्रसिद्ध आहे. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे चांगल्या मालाला चांगली किंमत मिळत नाही आणि हळूहळू चांगला माल बाजारातून हटतो, असे त्यांनी दाखविले. मृदू चुकांचा बाजार याहूनही विचित्र आहे. येथे वस्तू वापरून झाल्यावरही घेणाऱ्याला दोष कळत नाही. संगणक मध्येच अडकला, तर तो कणाने अडकला की वाईट सॉफ्टवेअरने, हे सामान्य ग्राहकच काय, तज्ज्ञही सांगू शकत नाही. दोष सिद्ध होत नाही म्हणून भरपाई नाही. भरपाई नाही म्हणून दोष टाळण्याचे उत्तेजन नाही.

१९९९-२००० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे मोठे संगणक ग्राहकांच्या कार्यालयांत अकारण बंद पडू लागले. त्यांच्या एका विशिष्ट स्मृतिभागाला चूक सुधारण्याची सोय नव्हती. दुरुस्तीआधी कंपनीने ग्राहकांकडून गुप्ततेची हमी लिहून घेतल्याची वृत्ते त्या वेळी अमेरिकी नियतकालिकांत आली होती. आपल्या मालाचे चुकीचे प्रमाण किती, हे चिपउत्पादक मोजत नाहीत असे नव्हे. मोठ्या कंपन्या ते काटेकोरपणे मोजतात. पण ते आकडे बहुधा करार करणाऱ्या मोठ्या ग्राहकालाच पाहावयास मिळतात.

बेल्जियममधील उदाहरण मला अधिक बोलके वाटते. १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक येथे एका उमेदवाराला यंत्राने ४,०९६ मते अधिक दिली. पसंतीच्या मतांचा आकडा पक्षाच्या मतांशी जुळेना, म्हणून ही गोष्ट ध्यानात आली. ४,०९६ ही संख्या म्हणजे बारा वेळा दुप्पट केलेला एक. तेराव्या बिटची उलटापालट झाली की नेमका एवढाच फरक पडतो. यंत्र तपासले, काही सापडले नाही, आणि वैश्विक किरणाची शक्यता तज्ज्ञांनी नमूद केली. आकडा अशक्य होता म्हणून चूक सापडली. त्याच दिवशी त्या यंत्रात तेराव्याऐवजी पाचवा बिट उलटला असता, तर सोळा मते वाढली असती आणि कोणाच्याही भुवया उंचावल्या नसत्या.

चूक टाळण्याचे उपाय फार खर्चिक आहेत, असेही नाही. स्मृतीच्या ६४ बिटांमागे आठ जादा बिट ठेवले की एक चूक आपोआप सुधारता येते आणि दोन चुका निदान ओळखता येतात. जादा खर्च स्मृतीच्या आठव्या हिश्शाचा. मोठ्या सर्व्हरांत ही सोय सर्रास असते. घरगुती संगणकांत बहुधा नसते. तांत्रिक कारणापेक्षा बाजाराची विभागणी हे त्याचे कारण आहे, असे माझे मत आहे. अर्थात ही सोयही सर्वरोगहर नाही. चिपवरील घरे इतकी लहान झाली आहेत की, एकच कण शेजारशेजारचे अनेक बिट उलटवू शकतो, आणि मग शेजारी बिट वेगवेगळ्या शब्दांत वाटून ठेवावे लागतात. प्रत्येक पिढीबरोबर परीक्षा नव्याने घ्यावी लागते, ती यासाठी.

जबाबदारीचेही असेच तुकडे पडतात. ए-३२० च्या प्रकरणात संगणक बनविणाऱ्या थालेस कंपनीने सांगितले की, आपला संगणक एअरबसच्या अटींनुसार आहे आणि संबंधित कार्य ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते आपल्या जबाबदारीत येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण चिप एकाची, संगणक दुसऱ्याचा, सॉफ्टवेअर तिसऱ्याचे, विमान चौथ्याचे आणि आसन प्रवाशाचे, अशी वाटणी झाल्यावर संपूर्ण साखळीची परीक्षा घेण्याचे काम त्यांतल्या कोणाच्याच हिशेबात बसत नाही. असे काम शासनाने आणि नियामकाने करावयाचे असते.

आपल्याकडील तयारी

भारताने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईत कुलाब्याला टाटा संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचे संयुक्त पेलेट्रॉन यंत्र १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. दिल्लीतही तशा जातीचे यंत्र आहे. उपग्रहांत बसवावयाच्या चिपांवर जड आयनांचा मारा करून त्यांची परीक्षा या यंत्रांवर झाली आहे. परंतु जड आयन हा अंतराळातील धोका आहे; विमानात आणि जमिनीवर धोका आहे तो न्यूट्रॉनांचा, आणि वातावरणासारखा न्यूट्रॉनझोत देणारे लॉस अलामॉस किंवा रदरफर्डच्या धर्तीचे केंद्र आपल्याकडे नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात असे यंत्र उभारण्याचा विचार बऱ्याच वर्षांपासून आहे.

दुसरीकडे २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातेत धोलेरा येथे टाटा उद्योगसमूह तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या साहाय्याने ९१,००० कोटींचा कारखाना उभारीत आहे. या रकमांच्या तुलनेत परीक्षाकेंद्राचा खर्च लहान आहे, पण तो कोणत्याही एका कारखान्याने सोसावा असा नाही. एका कंपनीने तो केला तर प्रतिस्पर्ध्यालाही फायदा होणार. म्हणून कोणीच करणार नाही. दीपस्तंभाचे उदाहरण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवितात, ते याच परिस्थितीचे.

गरीब देशाने हा चैनीचा खर्च का करावा, असा आक्षेप येईल. ज्या तालुक्याच्या रुग्णालयात विजेचा भरवसा नाही, तेथे वैश्विक किरणांची चिंता कोणी करावी? आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण हृदयात बसवावयाच्या विद्युत यंत्रांतही वैश्विक किरणांनी बिट उलटल्याच्या नोंदी १९९८ पासून शास्त्रीय वाङ्मयात आहेत, आणि अशी यंत्रे आता जिल्ह्याच्या गावीही बसविली जातात. खर्चाची सर्वच कामे हजारो कोटींची नसतात, हेही लक्षात घ्यावे. लडाखमध्ये हानले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर आपली वेधशाळा आहे, तेथे वीज आहे, रस्ता आहे, शास्त्रज्ञ आहेत. लेडव्हिलपेक्षा ते ठिकाण बरेच उंच आहे. कवच मजबूत असल्यामुळे आपल्या अक्षांशात मारा तुलनेने कमी पडेल, तरी समुद्रसपाटीपेक्षा तो अनेक पटींनी अधिकच असणार. चिपांनी भरलेली काही कपाटे तेथे आणि तशीच काही मुंबईत ठेवून चुका मोजण्याचे काम एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही जमण्यासारखे आहे. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगाने २२ जून २०१५ चे सौर वादळ ज्या बारकाईने टिपले, ते पाहता मोजण्याची विद्या आपल्याला परकी नाही.

नियामकाचे काम त्याहून स्वस्त आहे. विमानकंपन्यांकडे उड्डाणसंगणकांच्या किरकोळ चुकांच्या नोंदी यंत्रांत आपोआप साठत असतात. उंची, मार्ग आणि दिवस यांसह त्या एकत्र करून दरवर्षी प्रसिद्ध करण्याचा आदेश महासंचालनालय आजही देऊ शकते. त्यासाठी झोत लागत नाही, कारकून आणि संख्याशास्त्रज्ञ पुरतात. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की चूक मुद्दाम घालून घेतलेल्या परीक्षेचा निकाल मागता येतो. रेल्वेच्या इंजिनांच्या आणि वैद्यकीय उपकरणांच्या सरकारी निविदांत चुकीचे प्रमाण शंभर कोटी तासांमागे किती आणि ते कोठे मोजले, असा एक रकाना वाढविता येतो. ज्याने परीक्षा घेतली आहे त्याला तो भरण्यास अडचण नाही. ज्याने घेतली नाही, त्याच्या निविदेत तो रिकामा दिसेल.

३३८ विमानांचा आकडा आपल्याला दोन दिवसांत मिळाला. त्या विमानांतील संगणकांत आजवर किती बिट उलटले, याचा आकडा कोणी मागितला नाही. इंदूरचे यंत्र उभे राहीपर्यंत धोलेऱ्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या चिपांची न्यूट्रॉनपरीक्षा केव्हा होईल, हे ऑक्सफर्डजवळच्या एका प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात जागा केव्हा मिळते, त्यावरच ठरेल.